कोइंब्राच्या झग्याची डावी बाजू

मित्रांनो, मी एक जुना काळा झगा आहे आणि जन्मात एकदाही धुतलेला नाही. नाक मुरडू नका. मी काही गबाळ्या घरचा नाही. कोइंब्रा शहरात शिकणाऱ्यांचा झगा धुवायचाच नसतो, अशी तिथली रीत आहे. पाऊस, घाम, मेणबत्त्यांचा धूर, सांडलेली कॉफी, परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण, सगळं झग्यात मुरतं. झगा धुतला की ते दिवसही पाण्याबरोबर वाहून जातात, असं तिथे मानतात. मला बाह्या नाहीत, बटणंही नाहीत. घोंगडी पांघरावी तसं मला खांद्यांवर टाकायचं आणि एक टोक फिरवून पाठीवर सोडायचं.

माझी लोकर डोंगरातल्या मेंढ्यांची. कोविल्यां गावातल्या गिरणीत तिचं सूत झालं, काळ्या रंगात बुडालं आणि मागावर चढलं. त्या गिरणीत एव्हारिश्तो नावाचा एक विणकर होता. हात सोन्याचे आणि तोंड बंद, असा माणूस. त्याची मुलगी एर्मेलिंदा हीच माझी मालकीण. मी त्याच्याच मागावर विणला गेलो का, हे मला आजही ठाऊक नाही, कारण विणलं जात असताना कापडाला कुठले डोळे! पण कोइंब्राच्या शिंप्याने मला पहिल्यांदा एर्मेलिंदाच्या हातात दिलं, तेव्हा तिने मला उलटं करून माझी वीण पाहिली होती आणि बोटाने एकेक धागा चाचपला होता.

तिला शिष्यवृत्ती मिळाली होती. बापाला ते पसंत नव्हतं. मुलीच्या जातीने शिकून काय दिवे लावायचे, असं त्याचं मत. ती तरीही निघाली, तेव्हा त्याने दार लावून घेतलं. आई गुपचूप चीज पाठवायची, फडक्यात बांधून. त्या चिजाचा वास अजून माझ्या अस्तरात आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मित्रांनो, ती वर्षं मी राजासारखी काढली. इतिहासाच्या वर्गात मी बाकावर पसरायचो. मोंदेगो नदीच्या काठी मी चटई व्हायचो. पावसात एर्मेलिंदा आणि तिची मैत्रीण बेनिल्द, दोघी माझ्याखाली डोकी घालून कंबरमोड्या जिन्यावरून पळायच्या. त्या जिन्याला गावात असंच नाव आहे, आणि ज्याने ठेवलं तो नक्की एकदा तिथे आपटला असणार.

आता माझ्या फाटण्याविषयी सांगतो. इतर कपडे फाटले की रडतात, आमचं उलटं आहे. शिक्षण संपताना आपली माणसं झग्याची खालची कड फाडतात, तेही दातांनी. कात्री चालत नाही. उजवीकडे मित्रमैत्रिणींनी फाडायचं आणि डावीकडे घरच्यांनी. मधोमध, पाठीच्या खाली, ज्याच्यावर जीव जडला असेल त्याने. ते प्रेम मोडलं तर ती फाट पुन्हा शिवून टाकायची. जितक्या चिंध्या, तितका मान.

मे महिन्यात शिक्षण संपवणारे आपल्या रंगीत फिती जाळतात, त्याचा सोहळा असतो. त्या दिवशी जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर माझ्या उजव्या कडेला बेनिल्दने पहिला दात लावला. मग बाकीच्या पोरी तुटून पडल्या. मी सुखाने फाटत होतो. एर्मेलिंदा मात्र डावी बाजू हातात धरून खालून येणाऱ्या कंबरमोड्या जिन्याकडे बघत होती. दिवे लागले तरी बघत होती. माझी डावी कड शिंप्याने दुमडली होती तशीच, अखंड राहिली.

नंतर एर्मेलिंदा कोविल्यांला परतली. शाळेत इतिहास शिकवू लागली. बाप गेल्यावर ती दारापर्यंत गेली होती, असं मी ऐकलं, आत गेली की नाही ते मला माहीत नाही. मला तिने कपाटात टांगलं, खिशात लव्हेंडरची पुरचुंडी... नाही, मला खिसेही नाहीत, गळ्यापाशी टाचून दिली. तिने अदेलिनो नावाच्या बस चालवणाऱ्या हसऱ्या माणसाशी लग्न केलं. तो कपाट उघडायचा, माझी डावी कड तोंडाजवळ न्यायचा आणि म्हणायचा, "चावू का?"

"इथे नाही, तिथे जाऊन," ती म्हणायची. "पुढच्या वर्षी जाऊ या, दोन दिवस."

आणि मित्रांनो, तेव्हापासून माझं उरलेलं आयुष्य एका दोन दिवसांच्या सहलीचे बेत ऐकण्यात गेलं. कोइंब्रा काही चंद्रावर नाही, सकाळी निघालं तर जेवायला पोचतं माणूस. पण एका वर्षी मुलगा झाला, एका वर्षी बस बिघडली, एका वर्षी शाळेची तपासणी. अदेलिनो रोज दुसऱ्यांना कुठे कुठे पोचवायचा आणि स्वतः कुठेच जायचा नाही. ते बेत ऐकून ऐकून मला वाटेतली वळणंसुद्धा पाठ झाली. मग अदेलिनोही गेला, आणि कपाट उघडेनासं झालं.

अंधारात पडून राहणं वाईट, पण कसर त्याहून वाईट. आपल्या माणसाचा दात आणि किड्याचा दात ह्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. गळ्याजवळ दोन भोकं पडली तेव्हा मला फार एकटं वाटलं.

ह्या वसंतात कपाट उघडलं ते ईरियाने. ईरिया ही एर्मेलिंदाची नात, सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली आणि तोंडाला विराम नसलेली. तिने मला ओढत ओढत स्वयंपाकघरात आणलं. तिथे तिचा बाप फाउश्तो, म्हणजे एर्मेलिंदाचा मुलगा, टेबलावर नकाशा पसरून बसला होता. एका कोपऱ्यावर ऑलिव्ह तेलाची बाटली, दुसऱ्यावर चिजाची ताटली. फाउश्तो नगरपालिकेच्या पाणी खात्यात आहे. त्याला कुठलीही गोष्ट नळासारखी आखून न्यायला आवडते.

"आधी विद्यापीठ, मग तिथलं जुनं ग्रंथालय, मग बाग, मग नदीपलीकडचे मठ," तो पेन्सिलीने खुणा करत होता. "दोन दिवसांत सगळं कोइंब्रा!"

"आणि जेवायचं कधी?" त्याच्या बायकोने, ग्रासिएतेने, सिंकवरून विचारलं.

"वाटेत. भाजलेलं डुकराचं पिल्लू."

"तरीच! सहल पिलासाठी आहे, आई नुसत्या निमित्ताला."

"बाबा, ग्रंथालयात खरंच वटवाघळं आहेत?" ईरियाने विचारलं.

"आहेत. पुस्तकांना लागणारे किडे खातात."

"मग एक घेऊन येऊ या. आजीच्या झग्याला किडे लागलेत."

ही सूचना मला फार आवडली, पण तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. एर्मेलिंदा मला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा हात आता हलका झाला होता, पण मी तो ओळखला.

ईरिया माझ्या कडेवरून बोट फिरवत निघाली. "हे कोणी फाडलं?"

"मैत्रिणींनी. ही सगळ्यात लांब आहे ना, ती बेनिल्दची. तेव्हा तिला सगळे दात होते."

"आणि इथे मागे? इथे निळ्या दोऱ्याने शिवलंय."

"एक होता," एर्मेलिंदा म्हणाली. "मग नव्हता."

ग्रासिएतेने नळ बंद केला. "अहो आई! आणि हे आम्हाला आज कळतंय?"

"टाका उसवू नकोस, सूनबाई, जुना आहे," एर्मेलिंदा हसली.

ईरियाचं बोट पुढे सरकत डाव्या बाजूला आलं आणि थांबलं. तिने माझी कड उलटीसुलटी करून पाहिली. मला कसनुसं झालं.

"आजी, इथे तर काहीच नाही."

"तिथे घरच्यांनी फाडायचं असतं."

"मग?"

"कोणी आलं नाही."

फाउश्तोने पेन्सिल खाली ठेवली. "आई, हे तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? इतक्या वेळा बेत केलास. कुठून जायचं, कुठे उतरायचं, हेच विचारलंस. मी कशाला जातेय, ते नाही विचारलंस."

"मी फाडते!" असं म्हणून ईरियाने मला तोंडात कोंबलंसुद्धा. एर्मेलिंदाने मला खसकन ओढून घेतलं. "इथे नाही! तिथे, पायऱ्यांवर. स्वयंपाकघरात फाटतं ते फडकं."

त्या दिवसापासून बेताला वेगळाच जोर चढला. अडचण एकच होती, एर्मेलिंदाचा गुडघा. त्यात लोखंड घातलेलं आहे. "आई, ते गाव उभंच्या उभं आहे, कसं चढणार तू?" फाउश्तो म्हणायचा आणि नकाशावर जिने मोजायचा. शेवटी एर्मेलिंदाने बेनिल्दला फोन लावला. बेनिल्द कोइंब्रातच राहते. तिचा आवाज इतका मोठा, की फोन टेबलावर असून मला खुंटीवर ऐकू आला.

"म्हातारे, येतेस की एकदम माझ्या मयतालाच येणार?"

"गुडघा चढू देत नाही गं."

"मग चढतेस कशाला? गाडी वर आणा आणि खाली उतरत या! तुझ्या मुलाला एवढं कळत नाही? पाणी खात्यात आहे ना? पाणी कुठून कुठे जातं?"

फाउश्तोचा चेहरा पडला, पण त्याने लगेच सगळ्या खुणा खोडून नवीन रेघ आखली. बेत ठरला.

आता माझ्यावरचा प्रसंग सांगतो. ग्रासिएते समुद्रकाठची, नाझारेची. घरच्या होड्या, मासळी, जाळी. तिच्या गावात दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवरून सुनेची परीक्षा होते. तिने मनापासून ठरवलं, की सासूबाई इतक्या वर्षांनी निघाल्या आहेत तर त्यांचा झगा चांगला दिसला पाहिजे. धुवायचा नसतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ज्यांना माहीत असतं त्यांना वाटतं, सगळ्यांनाच माहीत आहे.

निघायच्या आदल्या दुपारी तिने मला अंगणातल्या दगडी टाक्यापाशी नेलं. टाकं भरलेलं होतं. साबणाची निळी-पांढरी वडी कडेवर माझी वाट बघत होती. मी आयुष्यात घाबरलो नव्हतो इतका घाबरलो. मला हात असते तर मी तिचे पाय धरले असते. माझी डावी कड पाण्यात गेली. गार पाणी वर चढू लागलं, आणि पाण्यात काळसर काहीतरी उतरू लागलं.

"आई, नको!" आजीकडून झग्याची रीत ऐकलेली ईरिया मागच्या दारातून किंचाळली. "त्यातलं सगळं जाईल!"

एर्मेलिंदा काठी टेकत बाहेर आली. ग्रासिएतेने मला वर धरलं होतं. माझ्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं.

"अहो आई, किती वास मारतोय हा! लोक म्हणतील, सून धुते की नाही काही..."

 एर्मेलिंदाने मला सुनेच्या हातातून घेतलं, आत नेलं आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलं. मग फाउश्तोला म्हणाली, "गाडीतलं सामान काढ. मला नाही जायचं."

मित्रांनो, खरं सांगू? माझा एक कोपरा भिजला होता, एवढंच. चिजाचा वास तसाच होता, मेणबत्त्यांचा धूर तसाच होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की माझं काही गेलं नाही, चल. पण झग्याला ओरडता येत नाही.

थोड्या वेळाने ग्रासिएते खोलीत आली. डोळे लाल होते, पण मान ताठ होती. तिने माझा कोपरा चाचपला.

"वाळेल," एर्मेलिंदा म्हणाली.

"वाळणारच. तुम्ही माझ्यावर रागावलात, रागवा. चुकलं माझं. पण सहल माझ्यामुळे मोडली म्हणू नका, ते मी ऐकून घेणार नाही."

"मग कोणामुळे मोडली?"

"सासरे होते तेव्हा तुमचा गुडघा धड होता, झगाही कोरडा होता. तेव्हा कोणी अडवलं होतं?"

मला वाटलं, आता काठी उचलली जाणार. एर्मेलिंदाने काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग हळूच म्हणाली, "फिती जाळायच्या दिवशी सगळ्यांची माणसं आली होती गं. टोपल्या घेऊन आली होती. मी बेनिल्दच्या आईच्या टोपलीतलं जेवले. जिन्यावर कोणी दिसलं की वाटायचं, आले. पुन्हा तिथेच उभं राहायचं, ही बाजू पुढे करायची... मला भीती वाटते. अदेलिनोला खोटंच सांगायचे, की शाळेत तपासणी आहे, सुट्टी मिळत नाही."

ग्रासिएते पलंगाच्या कडेवर बसली. "आई, वाट बघणं काय असतं ते आमच्या गावाला शिकवू नका. आमच्या बायका वादळात किनाऱ्यावर उभ्या राहायच्या. पण होडी समोर आलेली दिसत असताना पाठ फिरवून घरी गेलेली बाई मी पाहिली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! आम्ही तुमच्याच गाडीत तुमच्या शेजारी बसून येणार आहोत. वाट कोणाची बघायचीय तुम्हाला?"

एर्मेलिंदाच्या तोंडून आधी हुंदका निघाला की हसू, ते मला नीट कळलं नाही. मला तिने उचलून मांडीवर घेतलं. बाहेर फाउश्तोने अर्धं सामान काढलं होतं, ते बिचाऱ्याने पुन्हा भरलं.

कोइंब्राविषयी मी लांबण लावत नाही. वळणं मला पाठ होती तशीच निघाली. फाउश्तोने पिलाचं नाव काढलं तेव्हा एर्मेलिंदा म्हणाली, "आधी पायऱ्या," आणि त्याने मुकाट्याने गाडी पुढे घेतली. गाडी वर लावून आम्ही उतरत निघालो. मी तिच्या खांद्यांवर होतो. वाटेत काळे झगे घातलेली पोरं भेटली, माझ्या चिंध्या बघून त्यांनी वाट सोडली. माझी छाती फुगली, म्हणजे तिची.

जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर बेनिल्द बसली होती, मांडीवर मिठाईचा खोका घेऊन.

"म्हातारी झालीस," ती म्हणाली.

"तू तर जन्मतःच होतीस," एर्मेलिंदा म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी मध्ये चेंगरलो.

मग एर्मेलिंदाने माझी डावी कड हातात घेतली.  पहिला मान ईरियाचा. तिने जीव खाऊन चावलं, पण समोरचे दोन दातच नाहीत, लोकर नुसती ओली झाली. "निसटतंय!" ती रडकुंडीला आली. फाउश्तोने कड तोंडात धरली आणि पुन्हा सोडली. "आई, कापड फार चांगलं आहे गं. आजोबांनी विणलेलं असेल तर? माझ्याने फाडवत नाही."

"मी फाडलं असतं," बेनिल्द म्हणाली, "पण माझे दात आता घरी पेल्यात असतात. आणि मी उजवीकडची."

एर्मेलिंदाची नजर जिन्याकडे वळली. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. ग्रासिएते चार पावलं लांब, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत उभी होती.

"ग्रासिएते, पिशव्या खाली ठेव," एर्मेलिंदा म्हणाली.

"मी?"

"माहेरी जाळ्याचा दोर दातांनी तोडायचीस ना?"

"तोडायचे की. पण आई, डावीकडे घरच्यांनीच फाडायचं असतं ना?"

"तेच सांगतेय. चाव."

ग्रासिएतेने पिशव्या खाली ठेवल्या, पदरासारखी माझी कड हातात घेतली आणि नेमका तोच कोपरा शोधला, जो तिने पाण्यात घातला होता. मग कचकन चावली. कर्रर्र असा आवाज आला. इतक्या वर्षांनी मी डावीकडून फाटलो. ईरियाने एक पदर धरला, ग्रासिएतेने दुसरा, आणि दोघींनी ओढून ती फाट वीतभर वर नेली. "माझ्या बाबांच्या वाटची मी फाडतो," फाउश्तो एकदम म्हणाला आणि शेजारी दात लावला. ह्या वेळी त्याला जमलं. एर्मेलिंदा पायरीवर बसून रडत होती, आणि जिन्याकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मीही सांगतो. उन्हात टाका, कसर लागू देऊ नका, आणि हात जोडतो, धुऊ नका. पण कपाटात बंद करून ठेवलं म्हणजे जपलं, असं समजू नका. तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस पुन्हा पुन्हा एकाच गावी जायचा बेत करत असेल, तर त्याला रस्ता नंतर विचारा. आधी तिथे काय राहिलंय ते विचारा.

आता मी कपाटात नसतो, दाराजवळच्या खुंटीवर असतो. ईरिया येता-जाता मला तोंडाजवळ नेऊन बघते. तिचे पुढचे दोन दात यायला लागले आहेत, आणि माझ्या डाव्या बाजूला अजून बरीच जागा आहे.